एका पिंजऱ्यात दोघी

परक्यांच्या जागी सौदी माणसं घ्यायची म्हणून, सौदीकरणात, धाकट्या दिराची नोकरी गेली, तेव्हा मीच त्या दोघांना रियाधच्या आमच्या फ्लॅटवर बोलावून घेतलं. एका घरात दोन चुली कशाला? नवा कफील, म्हणजे व्हिसाची हमी घेणारा मालक, मिळेपर्यंत हॉलमध्ये गाद्या घालायच्या. घर भरलेलं असलं की मला बरं वाटतं, स्वभावच तसा.

जावेनं सोबत तिची हॅमस्टर आणली. मूठभर उंदरीच ती! लग्नाला बरीच वर्षं होऊनही जावेला मूल नव्हतं, सगळे लाड त्या जिवाचे. आमच्या लेकीच्या हॅमस्टरला तेव्हा नुकतीच पिलं झाली होती. मी म्हटलं, "वेगळा पिंजरा कशाला? बाळंतिणीला सोबत होईल." आणि दिली आत सोडून.

सकाळी पिलं नव्हती. आईनंच खाल्ली होती. "अगं बाई!" म्हणत मी जावेची हॅमस्टर बाहेर काढली. लेक रडत रडत मोबाइलवर शोधून सांगू लागली. या प्राण्यांत मादीला स्वतःची हद्द लागते. गर्दी झाली, परकी मादी शिरली, तर पिलं टिकत नाहीत. कधी कधी दिवसच राहत नाहीत. जाऊ शेवटपर्यंत ऐकत उभी होती. मग तिनं बाळंतिणीचा पिंजरा सामानाच्या खोलीत नेला, वर फडकं टाकलं, दार लावलं. "आता कुणी डोकवायचं नाही," मलाच दम भरला. पुढच्या खेपेची पिलं जगली.

मग दिराला दूर दक्षिणेत, जिझानला काम मिळालं. राहायला एकच खोली. मी जावेला म्हटलं, "त्याला जाऊ दे पुढे. तुला इथं काय कमी आहे?"

ती चपात्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "वहिनी, तुम्ही खूप केलंत. पण हॉलला दार नाही हो."

वर्षभर आम्ही सगळे त्यांच्या गाद्यांवरून पाय टाकत पाणी प्यायला जात होतो. फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मीच तिची बॅग भरायला बसले.

उन्हाळा सरल्यावर तिचा फोन आला. दिवस राहिले होते. सांगताना हसत होती, रडतही होती.

"निघतेच बघ मी! डोहाळे पुरवायला कोण आहे तिथं?"

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "इतक्यात नको."

मी नारळाच्या वड्या केल्या, ओळखीच्या माणसाबरोबर डबा पाठवला, आणि डोळे पुसत घरीच थांबले.