अमेरिकेतली बँक बुडाली आणि श्रीरामपुरात रांग लागली

शिपायानं मला बँकेच्या बाहेरूनच फोन केला. "मॅडम, मागच्या दारानं या. पुढं लई गर्दी हाय."

मी तेव्हा श्रीरामपुरात एका बँकेची शाखा सांभाळत होते. काही दिवसांपूर्वी अमेरिकेत एक मोठी बँक बुडाली होती. तिकडच्या ठेवीदारांनी घाबरून एकदमच पैसे काढले आणि ती कोसळली. आमचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. आमच्याकडच्या ठेवींचा काही भाग देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे सक्तीनं ठेवलेला, काही सरकारी रोख्यांत, उरलेला कर्जानं दिलेला. या कंटाळवाण्या नियमांना आम्ही एरवी शिव्या घालतो. बाहेरचं संकट आलं की तेच उपयोगी पडतात.

मग गर्दी कशाची? ते आमच्या रिजनल ऑफिसचं कर्तृत्व. साहेबांनी आदल्या दिवशी सगळ्या शाखांच्या दारावर नोटीस लावायला सांगितली होती: 'आपल्या ठेवी सुरक्षित आहेत. अफवांवर विश्वास ठेवू नये.'

मी फोनवर म्हटलं होतं, "साहेब, इथे अफवा नाहीच."

"यायच्या आत लावा," साहेब म्हणाले.

रांगेत सगळ्यात पुढे समोरचे रसवंतीवाले भोसले होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, आमच्या पतसंस्थेनं टाळं लावायच्या आधी हाच कागद चिकटवला हुता."

आमच्या जिल्ह्यात पतसंस्थेत पोळलेलं माणूस शोधावं लागत नाही. मी नोटीस फाडली. पण तिचे फोटो आधीच गावभर फिरले होते.

शाखेत रोजच्या गरजेपुरतीच कॅश ठेवतात. जास्तीची नगरला करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे मोठ्या तिजोरीत जाते. मी तिथून कॅश मागवली आणि स्टाफला सांगितलं, "कुणाला समजावत बसू नका. मागेल त्याला द्या. हसून द्या."

साहेबांचा फोन आला. "एफडी मोडू देऊ नका. वेळ काढा."

"साहेब, एकाला नाही म्हटलं तर उद्या राहुरीत रांग लागेल."

"मग जबाबदारी तुमची."

"माझीच," मी म्हटलं आणि फोन ठेवला. 

सेव्हिंगवाले पैसे घेऊन जात होते. रांग मागून वाढत होती. एरवी पासबुक प्रिंट होत नाही म्हणून डोकं खाणारी माणसं एक शब्द बोलत नव्हती. हेड कॅशियर गायकवाड हळूच केबिनमध्ये आले. "मॅडम, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरंल. पुढं न्हाई. कॅश व्हॅन राहुरीजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलीय."

मला खरोखरच भीती वाटली. 'कॅश संपली' असं एकदा म्हटलं की धडधाकट बँकही बुडते. कर्जानं दिलेले पैसे दुपारपर्यंत परत आणायचे कुठून?

तेवढ्यात काउंटरवर आरडाओरडा झाला. साळवे सिस्टर. मिशनच्या दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स. मुलगी परदेशात, तिनं फोनवर सांगितलं म्हणून एफडी मोडायला आलेल्या. त्या स्लिप नाचवत थेट केबिनमध्ये घुसल्या.

"हे व्याज का कापलं? माझ्या हक्काचंय!"

"सिस्टर, मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळतं. दंडही बसतो."

"मग मोडली कशाला?"

"तुम्हीच अर्ज दिलात."

"मी घाबरले हुते, तुमी न्हवता ना घाबरला? पुन्हा चालू करा!"

"आता नवीनच करावी लागेल. कापलेलं परत येणार नाही."

सिस्टरांनी मला अख्ख्या शाखेसमोर धारेवर धरलं. आयुष्यभर पेशंटांना दटावलेला आवाज तो, थेट रस्त्यापर्यंत गेला. रांगेतनं कुणीतरी विचारलं, "किती कापत्यात?" सिस्टरांनी आकडा सांगितला. मग एकच कल्ला झाला. "लूट हाय ही!" "मॅडम, माझी मोडली तर किती जाईल?" "आन् न्हाई मोडली तर पुरं भेटंल ना?"

"पुरं मिळेल," मी म्हटलं. सकाळपासून माझं हे पहिलंच वाक्य कुणी ऐकून घेतलं. एफडीवाले पावत्या खिशात घालून, बँकेला शिव्या देत निघून गेले. ते गेल्यावर रांग आटून दारापर्यंत आली. सिस्टरांनी तणतणत नवीन एफडी केली. व्हॅन आली तेव्हा गायकवाडांकडे थोड्या नोटा शिल्लक होत्या.

सिस्टर अजून बाजारात भेटल्या की ते व्याज मागतात. मी देऊ शकत नाही. पण भांडायला आलेल्या ग्राहकासाठी त्या दिवसापासून मी आधी चहा मागवते.