गिळलेला चेक

आप्पांनी मागून माझे केस धरले, मान मागे ओढली आणि म्हणाले, "खा."

त्यांच्या हातात त्यांनीच मला दिलेला चेक होता. बँकेत न वटलेला. त्यांनी त्याचा बोळा केला आणि माझ्या ओठांवर दाबला. मी दात आवळून धरले. त्यांच्या एका माणसाने माझं नाक दाबलं. किती वेळ आवळणार? तोंड उघडलं. आप्पांनी बोटांनी बोळा आत कोंबला. त्यांची अंगठी हिरडीला लागली, रक्त आलं. गुऱ्हाळावरचे यूपीचे मजूर बघत होते. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "छोड़ दो मालिक." आप्पांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मुकाट्याने पुन्हा भट्टीत चिपाडं घालायला लागला.

"गिळ, मुलाण्या. तुझा बाप आमच्या दारात मुंडीसाठी बसायचा. तू चेकचं पैशे मागाया आला व्हय?"

गिळला. रक्तासकट गिळला.

मोबाईल यायच्या आधीची गोष्ट आहे. आम्ही राहू गावचे मुलाणी. जत्रेला, नवसाला बकरं कापायचा मान आमच्या घराचा. मान म्हणायचा आपला. बकरं कापून झालं की अब्बा दाराबाहेर उकिडवे बसायचे आणि वाटा म्हणून मुंडी मिळायची वाट बघायचे. मला त्या बसण्याची चीड होती. म्हणून पाबळला जाऊन वेल्डिंग शिकलो आणि दुकान टाकलं ते राहूत नाही, लांब कवठे येमाईला. तिथं मला कुणी मुलाण्या म्हणत नव्हतं. मिस्त्री म्हणायचे.

आप्पा राहूचे मोठे बागायतदार. गुऱ्हाळाच्या लोखंडी शेडसाठी त्यांनी बोलावलं तेव्हा मी नको म्हणत होतो. अब्बा म्हणाले, "आप्पांना न्हाई म्हणायचं नसतंय." शिरूरच्या दुकानातून एंगल, पत्रे उधार उचलले. पैसे वेळेवर दिले नाहीत तर तो दुकानदार माझं वेल्डिंग मशीन नेणार, असं बोलणं झालं होतं. मशीन गेलं की दुकान गेलं. दुकान गेलं की मीही आप्पांच्या दाराबाहेर.

शेड उभी राहिली. आप्पांनी चेक दिला. माझ्या आयुष्यातला पहिला चेक. शिरूरच्या बँकेत भरला. आठवड्याने बँकेतल्या बाबूने चेक आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "चेक परत आलाय," म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

परत. आमच्याकडे परत आलेली वस्तू ज्याची त्याला नेऊन द्यायची असते. शेजारणीचं भांडं असो, नाही तर माप चुकलेली खिडकी असो. मला वाटलं, हा कागद खराब निघाला, आप्पांना देऊन दुसरा चांगला आणू. एसटीने राहूला गेलो. दोन्ही हातांनी चेक पुढे केला. "आप्पा, तुमचा चेक परत आलाय," म्हणालो. त्यांनी तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, हसले. मग माझ्या केसांना हात घातला.

शिरूरच्या वकिलांनी विचारलं, "मूळ चेक कुठंय?"

"पोटात."

ते हसले. मग माझं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. म्हणाले, "अहो, तोच तर पुरावा होता. परत आलेला चेक ज्याचा त्याला द्यायचा नसतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. आप्पांवर तर होतीच, पण स्वतःवर जास्त. एक सूतही न चुकता शेड उभी करणारा मी, एका कागदाचं मोल मला कळलं नाही. त्याच महिन्यात दुकानदाराने टेम्पो आणला आणि मशीन उचलून नेलं.

मग राहूची जत्रा आली. अब्बांचा हात वयाने थरथरायचा, म्हणून सुरी माझ्याकडे आली. आप्पांच्या नवसाचं बकरं होतं. मांडवात पाहुणे दाटलेले, चुली पेटलेल्या, मसाला वाटून तयार. मुलाण्याने हलाल केल्याशिवाय आमच्याकडे हिंदूही मटणाला हात लावत नाही.

मी बकऱ्याच्या मानेवर हात ठेवला आणि माझी नजर गेली आप्पांच्या मानेवर. खोटं कशाला बोलू? दोन ढांगांवर होते. सुरीला धार होती. कुठं आणि किती दाबायची हे माझ्या हाताला पाठ होतं. त्या क्षणी मला त्यांचं रक्त हवं होतं. बाहेर अब्बा उकिडवे बसले होते, म्हणून आप्पा वाचले.

मी बकऱ्याच्या मानेवरून हात काढला. उभा राहिलो.

"कापत न्हाई."

आप्पांनी कानाखाली वाजवली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं. इतकं पिरगाळलं की ते वाकले. माझ्या दुसऱ्या हातात सुरी तशीच होती. सगळा मांडव मागे सरकला.

"शेडचं पैशे टाका. मग कापतो."

त्यांचे व्याही पुढे आले. "आप्पा, ह्याचं पैशे राह्यल्यात व्हय?"

व्याह्यांपुढे आप्पांचं तोंड उतरलं. घरातून चेकबुक आलं. बाजेवर बसून त्यांनी चेक लिहिला. मी तो खिशात घातला, बकरं कापलं आणि अब्बांना उठवून घरी नेलं. मुंडी तिथंच ठेवली. त्या दिवसापासून आमचा मान गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावचा मुलाणी आला. अब्बा माझ्याशी बोलायचे बंद झाले.

तो चेकही वटला नाही. आप्पांना वाटलं असेल, हाही घेऊन येईल वेडा. मी बँकेतून सरळ वकिलांकडे गेलो. चेक आणि चिठ्ठी त्यांच्या कपाटात गेली, आप्पांना नोटीस गेली.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी तिघे जण कवठ्याला आले. भाड्याच्या मशीनवर मी एक फाटक जोडत होतो. त्यांनी माझ्याच दुकानातला एंगल उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली पडलो तसे बुटांनी तोंडावर मारत राहिले. दोन दात पडले. "चेक कुठाय?" विचारत होते. प्रत्येक फटक्याला मी म्हणालो, "वकिलाकडं." शेवटी त्यांचेच हात दमले. माझा डावा हात आजही खांद्याच्या वर जात नाही.

केस उभी राहिली. पहिल्या तारखेला कोर्टाच्या शिपायाने दारात येऊन पुकारा केला. आप्पांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव. मागे आप्पा नाही, पुढे श्रीयुत नाही. कॉरिडॉरमधून आप्पा टोपी सावरत धावत आले आणि आरोपीच्या जागी उभे राहिले. मी बाकावर बसून होतो. मला आनंद झाला. झाला तर झाला, लपवत नाही.

बाहेर आल्यावर त्यांचे वकील माझ्याकडे आले. दुप्पट पैसे देतो म्हणाले, केस मागे घ्या. अब्बांनाही आप्पांनी जीपमध्ये घालून आणलं होतं. किती दिवसांनी अब्बा माझ्याशी बोलले. "घे बाबा. मिटव. आपल्याला गावात ऱ्हायचंय."

मी म्हणालो, "अब्बा, दुप्पट काय, दसपट दिलं तरी मी सही करनार न्हाई."

आप्पा पुढे आले. आवाज मऊ केला होता. "मग तुला पायजे तरी काय, मिस्त्री?"

आम्हाला मोठ्यांना अहो-जाहो करायचं वळण. मार खातानाही मी या माणसाला आप्पा, तुम्ही, असंच म्हणालो होतो. आता जीभ अडखळली नाही.

"तू जेलात गेल्याला बघायचाय," मी म्हणालो. "दर तारखंला ये. मी हायच."