थर्झामावशीनं धुतलेला डबा

...तर डबा धुतला गेला होता. काल आपण इथवर आलो होतो. आज दोन माणसं नवीन आहेत, तेव्हा थोडं मागे जाऊन सांगतो.

डबा चिकाचा. स्लेडबी गावात गाय व्याली की मालक चीक शेजारी पाठवतो. घेणारीनं एकच पथ्य पाळायचं: डबा रिकामा करायचा आणि न धुता, तसाच चिकट, परत द्यायचा. डबा धुतला की गाईचं दूध धुऊन गेलं, कधी कधी गायही गेली. हे कुणी ठरवलं ते कुणाला ठाऊक नाही. पण यॉर्कशरच्या त्या टेकड्यांत माणसं एक वेळ चॅपलची प्रार्थना चुकवतील, चिकाचा डबा धुणार नाहीत.

आणि धुतला तो थर्झा मेगिन्सननं. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

मावशीच्या स्वच्छतेची गावाला दहशत होती. कोळसेवाला तिच्या अंगणात बूट हातात घेऊन यायचा. नवरा आमोस गाड्यांची चाकं करायचा. तो फाटकापाशी आला की आतून आवाज यायचा, "कोट झटक. टोपी झटक. मिशीही झटक." आमोस गेल्यावर तिनं त्याची सगळी हत्यारं गरम पाण्यानं धुऊन ठेवली. महिन्याभरात ती गंजली. "निदान स्वच्छ गंजलीत," ती म्हणाली.

अशा बाईनं जन्मभर दर वर्षी चिकाचा डबा न धुता परत केला होता. रिकामा झाला रे झाला की ती तो वर्तमानपत्रात गुंडाळून फाटकाच्या खिळ्याला लटकवायची आणि मालक येऊन नेईपर्यंत खिडकीकडे पाठ करून बसायची.

एवढं सोसायचं ते टार्टसाठी. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिटसनचा सण येतो; त्यातल्या व्हिट सोमवारी चॅपलच्या चहापानाला प्रत्येक घरचा चोथ्याचा टार्ट येतो. दूध फाडायचं, चोथा मलमलीत टांगायचा, त्यात लोणी, अंडं, साखर, बेदाणे घालून पिठाच्या पारीत भाजायचा. इथपर्यंत गावात एकमत. पुढे मात्र वरची आळी जायफळ घालते आणि खालची आळी लवंगमिरी, म्हणजे ऑलस्पाइस. वरच्या आळीतली मुलगी खाली दिली की पहिली काही वर्षं दोन्ही घालते, मग मूल झालं की निमूट लवंगमिरीवर येते. जमीनदाराच्या वाड्यावरची स्वयंपाकीण गुलाबपाणी शिंपडते; त्याला दोन्ही आळ्या साबण म्हणतात. शेजारची मर्सी डगलबी दूध जुलाबाच्या मिठानं फाडायची. तिचा टार्ट लोक चवीनं खायचे आणि लवकर घरी जायचे.

मावशीचा टार्ट चिकाचा. तसा गावात दुसरा नव्हता. हा प्रकार जुन्या मठातल्या साधूंनी शोधला, असं पाद्रीबाबा सांगायचे. मावशीचं म्हणणं वेगळं. "चीज करून उरलेलं डुकरांना घालायचं होतं. आधी पोरांना घातलं. पोरांनी आणखी मागितलं. झाला टार्ट."

त्या वर्षी व्हिटसनच्या तोंडावर एनॉक गारबटची प्रिमरोझ व्याली. एनॉक एकटा जीव, गोठ्यात ती एकच गाय. त्यानं डबाभर चीक आणून दिला. मावशीनं तो तापवून फाडला, चोथा मलमलीत टांगला आणि त्या गडबडीत डबा फाटकाला लटकवायचा राहून गेला. दुसरा दिवस शनिवार. शनिवारी ती घर घासते. हात आपले घासत गेले. काम संपवून तिनं मान वर केली, तर डबा खुंटीवर चकाकत होता आणि त्यात तिचंच तोंड दिसत होतं.

तेवढ्यात मर्सी दारातून ओरडली, "अगं मावशी, ऐकलंस का? एनॉकची गाय खाली बसलीय. उठेना झालीय. ढोरांचा डॉक्टर मोटारीनं आलाय!"

"आत येऊ नकोस, फरशी ओली आहे," मावशी म्हणाली. मर्सी गेल्यावर ती खुर्चीवर बसली. दिवसाढवळ्या बसायची तिला सवय नव्हती.

डबा कुणी पाहिला नव्हता. थोडं साधं दूध आत फिरवलं असतं तर डबा हवा तेवढा चिकट झाला असता. तिनं दुधाचा तांब्या उचललाही. पण एनॉकचं सगळं पोट त्या गाईवर होतं. तिनं तांब्या खाली ठेवला, मलमल सोडली आणि चोथा, सगळाच्या सगळा, डब्यात भरला. यंदाचा टार्टच डब्यात गेला म्हणा ना. मग ॲप्रन बदलून ती भर आळीतून निघाली.

एनॉक गाईच्या डोक्याशी उभा होता. त्यानं डबा घेतला, कडेवरून बोट फिरवलं.

"धुतलास."

"धुतला."

"आतून?"

"आतून, बाहेरून. कडीसुद्धा."

एनॉकनं बराच वेळ डब्यात पाहिलं. "आणि हे काय?"

"तुझा चीक. जेवढा दिलास तेवढा. मी काही घेतलंच नाही, तेव्हा धुतला काय आणि न धुतला काय."

"पातळ दिला होता मी."

"पाणी गळून गेलं रे. ते कुठून आणू?"

एनॉकनं पायानं एक बादली तिच्याकडे सरकवली. ती पालथी घालून मावशी बसली. गोठ्याची जमीन कशी होती ते सांगत नाही. मावशीनं डोळे गाईवर रोखले आणि हात मांडीखाली घातले. डॉक्टर सुई टोचून निघून गेला. धारेची वेळ होत आली तेव्हा प्रिमरोझनं मागचे पाय ओढले, मग पुढचे, आणि उभी राहून वासराला चाटायला लागली.

डॉक्टर पुढे सांगायचा की औषध लागू पडलं. एनॉकनं त्याला कधी खोडून काढलं नाही. त्या संध्याकाळी त्यानं फक्त डबा गाईच्या तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली.

"खात नाही ती," एनॉक म्हणाला. "घेऊन जा."

"डबा?"

"डब्यासकट."

सोमवारी पाद्रीबाबांची प्रार्थना संपायच्या आत मावशीचा टार्ट निम्मा झाला होता. "यंदा गोठ्याचा वास येतोय बाई," म्हणत मर्सीनं तिसरा तुकडा उचलला. टेबलाच्या पार टोकाला एनॉक बसला होता. त्यानं शेवटचा कण बोटानं टिपून खाल्ला, मिशी पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, डबा धुतला नाहीस ना?"

मावशीनं सुरी खाली ठेवली.

"नाही धुतला. पण आज घरी जाता जाता घेऊन जा, एनॉक. मी घरात एकटीच असते, आणि माझ्या हातांचा मला भरवसा नाही."