वाळवंट काही केल्या होईना

सांगायला लाज वाटते, पण तुमच्यापासून काय लपवायचं! मी एक अख्खं वाळवंट हातचं घालवलं. तेही गारखेड्यात, माझ्याच घरात, सगळ्यांना चहा पाजून.

आम्ही चौघं दर रविवारी दुपारी एक खेळ खेळतो. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, अन् जमलं का फसलं ते फाशांवर ठरवायचं. गोष्ट चालवणारा मी. आमच्या राज्याचं नाव सातधारा. सात नद्या, सगळं हिरवंगार. दोन वर्षं तेच! मला लई कंटाळा आला.

म्हणून ठरवलं, ह्याचं वाळवंट करायचं. पण नुसतं जाहीर करून नाय. तिघांना शंभर वर्षं मागं पाठवायचं, त्यांच्याच हातून नद्या आटवायच्या, अन् परत आले की समोर वाळूच वाळू! महिनाभर खपलो बघा. वाळवंटाची वही लिहिली, नकाशा रंगवला, खेळण्यातले अकरा उंट आणले. बायको म्हणाली, "पोरांच्या अभ्यासाला कधी बसलात का एवढं?"

रविवारी तिघं मागच्या काळात पोचले. मी घोगरा आवाज काढला. "समोर नद्यांचा उगम आहे. ही धोंड त्यावर ढकला. नद्या बंद होतील, अन् पाण्यातला राक्षस तडफडून मरेल. ढकला!"

कुणी हलेना.

"पानी कू कौन बंद करता रे?" सलीम म्हणाला. हा क्रांती चौकातला दोस्त, खेळात तलवारबहाद्दर.

"अरे, राक्षस मरतोय ना!"

"राक्षसाचं बघू नंतर," नंदाताई म्हणाली. ती माझी चुलत बहीण, खेळात जादूगारीण. "आधी सांग, खालच्या गावांना कितव्या दिवशी पाणी येतं?"

आता हा काय प्रश्न झाला? मी म्हटलं, "रोज येतं. सात नद्या आहेत!"

"रोज?" तिघं एकदम ओरडले.

तिथंच माझं चुकलं. आमच्या गारखेड्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं; रोजचं पाणी बंद करायला ही माणसं तयार होतील व्हय? उलट त्यांनी राक्षसालाच पटवला अन् त्याच्याकडून तळी खोदून घेतली. बाळूनं मेंढरांसाठी वेगळा हौद मागितला. हा माझा चिकलठाण्याच्या कंपनीतला जोडीदार, घरी मेंढरं अन् खेळातही धनगरच. फासे पण मेले सगळे त्यांच्याच बाजूनं! परत आले तर राज्यात सात नद्या अन् वर चाळीस तळी.

मी पुन्हा मागं पाठवलं. आले तर कालवे. तिसऱ्यांदा पाठवलं, तर मधोमध हे भलंमोठं धरण! उंट तसेच डब्यात पडलेले. खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"सांडू नको, साठवून ठेव," बाळू म्हणाला.

मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता मीच गोष्टीत उतरतो. ताडकन उठलो, टेबलावर मूठ आपटली. "मी वाळवंटाचा सम्राट! हे धरण आत्ताच्या आत्ता फोडणार! एक थेंब शिल्लक ठेवणार नाय!"

वाटलं, आता तिघं अंगावर येतील. पण नाय. सलीमनं गुमान फासे माझ्या हातात ठेवले. नंदाताई म्हणाली, "फोड बाबा. जाऊ दे सगळं वाहून."

माझा हात वर. महिनाभराची मेहनत एका फाशावर आलेली. अन् माझ्या तोंडातून काय निघावं?

"थांबा रे, आधी ड्रम तर भरून घ्या!"