एका कडेचा डिंक

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात मी शाळेसाठी पृथ्वीगोल आणायला गेलो होतो. मी भूगोल शिकवतो, त्यामुळे तपासल्याशिवाय माल उचलायचा नाही ही माझी खोड. ते गोल परदेशासाठी छापलेले होते आणि त्यांवर कोसोव्हो वेगळ्या रंगात होता. बरेच देश त्याला देश मानतात, आपण मानत नाही; आपल्या लेखी तो सर्बियाचाच भाग. म्हणून आपल्या शाळांना जाणाऱ्या प्रत्येक गोलावर एक बाई सर्बियाच्या रंगाची नखाएवढी चिठ्ठी लावत होती.

पन्नाशीची असेल. बांगड्या कोपरापर्यंत सरकवलेल्या. चिठ्ठी लावण्याआधी ती त्या जागेवरून अंगठा फिरवायची, तान्ह्या बाळाची टाळू चाचपावी तसा.

मी एक चिठ्ठी नखाने उचकटून पाहिली. ती अलगद उचलली गेली.

"मावशी, डिंक एकाच कडेला लावलाय तुम्ही. नीट चिकटवा की!" माझा आवाज चढलाच.

तिने मान वर केली नाही. "उद्या आपण त्याला मानलं तर?"

"तर काढू."

"पक्कं चिकटवलं, तर काढताना खालचा देश फाटतो, सर."

मी गोल तसेच उचलले.

त्यातला एक आता माझ्या वर्गात आहे. चिठ्ठीची मोकळी कड पंख्याच्या वाऱ्याने हलत असते. मुलं विचारतात, "सर, हे चिकटवून टाकू?"

डिंकाची बाटली माझ्याच खणात आहे. मी नको म्हणतो.