बेडकाचं जीन आणि कॉलेजची घंटा

कॉलेजच्या लॅबमध्ये काचसामान धुवायला लागल्यापासून किस्से इतके साठलेत, की भाकरी थापताना मी मधेच हसते. सासूबाई विचारतात, "काय गो, एकटीच हसतेस?" पण हे हसू सुमी झोपलेली असते तेव्हाचं. माझ्या सुमीला तिसरं सरत आलं, तरी ती बोलत नाही. "आई"सुद्धा नाही.

*

आमच्या मॅडम बेडकाची अंडी रंगवतात. आतली पिल्लं औषधात घालायची, मेणात बसवायची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायची आणि काचपट्टीवर रंग चढवायचा. "कुठला जीन कुठे कामाला लागला, ते त्यावरून समजतं," मॅडम म्हणाल्या.

शिपाई सावंतमामा कपाट पुसत होते. थबकलेच. "बेडकाला जीन? आणि बसतो कोण त्याच्यावर?"

घोड्यावरचं जीन सोडून दुसरं त्यांना ठाऊकच नव्हतं. मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या!

*

त्या रंगाने माझी बोटं कायम गुलाबी. हळदीकुंकवाला शेजारच्या कुसुमवहिनी म्हणाल्या, "नवरा मुंबईला, मग मेंदी कोणासाठी गो?"

"बेडकासाठी!" मी म्हटलं.

सगळ्या हसल्या. मग वहिनींनीच हळूच विचारलं, "सुमी बोलली काय?" मी वाटल्या डाळीची वाटी खाली ठेवली.

*

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत, वाट बघा. वाट बघायची म्हणजे काय करायचं, ते नाही सांगितलं.

सावंतमामा म्हणाले, "घंटेतलं पाणी पाज तिला. वाचा फुटते."

"देवळात विचारते."

"देवळातली कशाला? कॉलेजची आहे ना! मी वाजवली की अख्खे प्रोफेसर बोलायला लागतात!"

त्यांनी हातघंटा चिंचेने घासली, उलटी धरून पाणी भरलं. मी ते बाटलीतून घरी नेलं. सुमी घटाघटा प्यायली आणि रिकामा पेला माझ्यापुढे धरला. एवढंच.

*

एकदा मॅडमनी काचपट्टी दाखवली. "गुलाबी दिसतंय तिथलं काम चालू आहे. नुसतं हिरवं, तिथे अजून सामसूम."

मी धीर केला. "मॅडम, सुमीची बोलायची जागा अशी रंगवून बघता येईल? सामसूम आहे काय, एवढंच."

त्यांनी चष्मा काढला. "रंग चढवायला आधी मारावं लागतं गं. म्हणून तर ते औषध."

त्या दिवशी काचपट्ट्यांचा डबा माझ्या हातून पडला. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

*

सासूबाई भाताच्या लावणीला गेल्या म्हणून सुमीला लॅबमध्ये नेलं. मॅडमनी तिला स्टुलावर उभं करून मायक्रोस्कोपला डोळा लावून दिला. "काय दिसतं गं सुमी?"

सुमी हलेना. मागून मीच सुरू झाले. "गुलाबी आहे ना? बोल, गुलाबी. पिल्लू बोल. बेडूक बोल. बरं, आई बोल. बोल ना गो बाय, एकदा तरी..."

सावंतमामांनी फडकं खाली ठेवलं.

सुमी वळली. माझ्या तोंडावर तिने आपला हात ठेवला, आणि हात तसाच ठेवून पुन्हा आत बघायला लागली.