दोघांच्या धुराड्यावरचा अँटेना

नवऱ्याचा हा मित्र पुण्याचा. सँडीफोर्डला सॉफ्टवेअरमध्ये होता आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं. गाडी कोणती घ्यावी, मुलांना कुठल्या शाळेत घालावं, चहात आलं किसून घालावं की ठेचून. लिक्सलिप या आयरिश गावात आमच्याकडे आला की चपला काढायच्या आधी सल्ला सुरू. त्यामुळे आम्ही सॅटेलाइट टीव्ही बंद करतोय हे त्याच्या कानावर जाऊ नये, अशी माझी फार इच्छा होती. नवऱ्याने ते त्याला त्याच दिवशी सांगितलं.

डिश घेतली होती सासूबाईंसाठी. त्या इथे यायच्या तेव्हा मराठी मालिकांशिवाय त्यांचा दिवस सरत नसे. आता त्या मालिका मोबाइलवर बघतात. मुलगी टीव्हीकडे ढुंकून बघत नाही. उरलो आम्ही दोघं, आणि आम्हाला हव्यात बातम्या, हवामान आणि एखादी मॅच. हे सगळं इथे फुकट दिसतं, छपरावर फक्त एक साधा अँटेना लागतो. डिश बंद करायला फोन केला तर पलीकडचा माणूस मला सिनेमे देऊ लागला, खेळ देऊ लागला, वरच्या खोलीत आणखी एक बॉक्स देऊ लागला. पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढणारी माणसं असतात, त्यांतला तो.

कोणता अँटेना घ्यायचा हे कळायला अक्कल लागत नव्हती. आमच्या ओळीतल्या घरांवर हातभर लांबीचे अँटेने होते, सगळ्यांची तोंडं एकाच डोंगराकडे, कारण टीव्हीचा टॉवर त्या डोंगरावर. तसलाच एक आणावा, असं मी म्हटलं.

शनिवारी मित्र आला. हातात मोबाइल उंच धरून आमच्या परसात गोल गोल फिरला. मग म्हणाला, तो छोटा अँटेना म्हणजे अगदीच बेसिक. सीमेपलीकडून, उत्तरेकडून, ब्रिटिश चॅनलही इथे पकडता येतात. त्यासाठी लांबलचक, भरपूर काड्यांचा अँटेना हवा, उंच खांबावर, थेट धुराड्याला बांधलेला. ते चॅनल बघणार कोण, असं मी विचारलं.

"वहिनी, ऑप्शन्स असावेत," तो म्हणाला.

आयुष्यात ज्याने एकही निर्णय निस्तरला नाही, त्याला ऑप्शन्सचं फार प्रेम असतं.

आमचं घर जोडघर आहे. मधली भिंत सामाईक, धुराडंही सामाईक. पलीकडे एक आजोबा राहतात, एकटे. मी म्हटलं, निदान त्यांना विचारा. मित्र म्हणाला की ही माणसं विचारलं की नाहीच म्हणतात, त्यापेक्षा लावून टाकायचा. नवऱ्याने मान डोलावली. नवरा कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, धुळीचा कण चुकला तर त्याला झोप येत नाही, पण या मित्रासमोर तो नंदीबैल होतो. रविवारी आजोबा चर्चला गेलेले बघून दोघं शिडी लावून वर चढले.

ब्रिटिश चॅनल आले. म्हणजे तोंडाचे चौकोन दिसायचे, ते गोठायचे, मग आवाज जायचा. मित्र फोनवरून सांगायचा, थोडा डावीकडे फिरव. नवरा पावसात वर चढून फिरवायचा. संध्याकाळच्या संध्याकाळी हे चालायचं, आणि आम्हाला हव्या त्या बातम्याही आता नीट दिसेनात.

हिवाळ्यात वादळ आलं. दुपारी असा काही आवाज झाला की मला वाटलं गाडीच भिंतीवर आदळली. खांब कोसळला होता, येताना धुराड्याच्या वरच्या विटा घेऊन, आणि पडला होता आजोबांच्या काचघरावर. बायको गेल्यापासून आजोबांचा सगळा दिवस त्या काचघरात टोमॅटोंच्या रोपांत जायचा. चहा करायला आत गेले होते म्हणून वाचले.

नवऱ्याने आधी मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, खांब बांधायच्या पट्ट्या हलक्या घेतल्या असशील, नट नीट आवळले नसशील. मग त्याची मीटिंग होती.

आम्ही शेजारी गेलो. नवरा वाऱ्याविषयी बोलू लागला. मी त्याला थांबवलं आणि सांगितलं की आम्ही तुम्हाला न विचारता तो लावला होता. या देशात काहीही झालं तरी माणसं 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हणून मोकळी होतात. आजोबा तसं म्हणाले नाहीत. फुटक्या काचांकडे बघत ते म्हणाले, "चर्चमधून आलो तेव्हाच मी तो पाहिला होता. तुम्ही येऊन सांगाल म्हणून वाट पाहत होतो."

नवऱ्याचा चेहरा पडला. पुढचे कित्येक शनिवार तो त्या काचघरात आजोबांच्या हाताखाली काचा बसवत होता. धुराडं आम्ही गवंड्याकडून नीट करून घेतलं. नवीन अँटेना मी आणला, हातभर लांबीचा, आणि आजोबांना आधी दाखवून आमच्याच बाजूच्या भिंतीला लावून घेतला. चित्र स्वच्छ येतं.

दिवाळीला सगळी मराठी मंडळी एका हॉलमध्ये जमली होती. फराळाच्या टेबलापाशी मित्र नव्याने आलेल्या एका जोडप्याला समजावत होता: डिश काढा, छोटा अँटेना लावा, यांना मीच सांगितलं होतं. मला हसूच आलं. इतक्या निर्लज्ज माणसाला काय बोलणार, म्हणून मी चिवड्याची बशी घेऊन निघाले, तेवढ्यात मागून नवऱ्याचा आवाज आला.

"तू मोठा लावायला सांगितलास. आजोबांना विचारू नको, हेही तूच सांगितलंस. आणि मी ऐकलं."

आवाज चढलेला नव्हता. ते नवीन जोडपं खाली मान घालून चकली खाऊ लागलं. मित्र म्हणाला, अरे, किती सीरियस घेतोस. मग कुणीतरी हाक मारल्यासारखं करून दुसऱ्या टेबलाकडे गेला. हाक कुणीच मारली नव्हती.

त्यानंतर तो आमच्याकडे आलेला नाही. नवऱ्याला कधी कधी वाईट वाटतं. मला वाटत नाही.